मार, पुनम!

उदगीरच्या मैदानावर पोरींची बेसबॉल मॅच चालली होती. पुनमनं चौथा वाईट बॉलही सोडला, बॅट ठेवली आणि ऐटीत पहिल्या बेसवर गेली.

"चार वाईट बॉल सोडले की न मारता फुकट बेस! शंभर वेळा बॅट धरली तर पंचेचाळीस वेळा बेसवर असतीय पोरगी, माशाल्ला!" कडेला बसलेला निजामोद्दीनचाचा म्हणाला. आपल्या सायकलच्या दुकानात मोबाईलवर अमेरिकेच्या मॅची बघून असले आकडे त्याला तोंडपाठ झाले होते. पुनमही तिथंच बसून खेळ शिकली होती.

तिचा बाप ग्यानोबा शेजारी बसून आतल्या आत जळत होता. जन्मभर क्रिकेट खेळलेला माणूस तो. बेसबॉलात वाईट ठरणारा, पण क्रिकेटात चौका मारावा असा बाहेरचा बॉल दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. "मार, पुनम, मार!" म्हणून तो बोंबलायचा आणि नेमका तोच बॉल पोरगी सोडायची. लेक आपली, अन् ऐकती ह्या चाचाचं!

मॅच संपल्यावर त्याला राहवलं नाही. "बापाचा घसा बसला, पोरी. एकदा तरी माझं ऐकायचं व्हतं."

"तुमचंच तर ऐकते, आबा," पुनम म्हणाली. "वाईट बॉल सोड, असं चाचा सांगतेत. पण येताना वाईट कोणता, ते मला कळतच न्हाई. तुम्ही 'मार' म्हणून वरडलात, की मी सोडते."

ग्यानोबानं घरी येताच उद्याच्या मॅचसाठी मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या.