पदराआडचे दात

“रविवारच्या आत होईल ना?” संस्कृतीने विचारलं.

रहाटणीच्या त्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर विजयश्रींनी दिवा खुर्चीकडे वळवला आणि कस्तुराबाईंच्या तोंडावरचा पदर हळूच बाजूला केला. दात मजबूत होते. फक्त रंग तव्याच्या बुडाचा होता.

“मिश्री?”

“व्हय.” कस्तुराबाई खुर्चीतच आक्रसल्या. “न्हानपनापासून. हिचे वडील गेल्यावर जास्तच. पुनावळ्यात आमच्या वेळच्या समद्याच लावायच्या.”

“आणि रविवारी काय आहे?”

“पाहुणे येणार आहेत. बघायला,” संस्कृती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. चाकणच्या कंपनीचा गणवेश, पाठीला सॅक, चेहरा तरतरीत. “अरे वा! मग आधी तुझे दात बघायला हवेत.”

कस्तुराबाईंनी लेकीचा हात दाबला. संस्कृती नुसती हसली. “माझे ठीक आहेत, डॉक्टर. आईचेच करायचेत.”

“मागच्या टायमाला ह्येच नडलं,” कस्तुराबाई पुटपुटल्या. “मी हासले अन् पाहुन्यांनी चहा अर्धाच ठेवला.”

डॉक्टर भडकल्याच. “मुलगी बघायला येतात की मुलीच्या आईचे दात?”

संस्कृतीने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

“पर असं साफ केल्यावर दात ढिलं व्हत्यात म्हनं?” कस्तुराबाईंनी विचारलं.

“सगळे हेच म्हणतात. अहो, हिरड्यांपाशी वर्षानुवर्षं दगडासारखं कीटण जमलंय. ते निघालं की जिभेला मोकळं लागतं, म्हणून दात हलल्यासारखे वाटतात. मिश्रीचा रंग त्या कीटणावर आणि दाताच्या वरवर बसलाय. तो घरच्या ब्रशला दाद देणार नाही, मशीनला देईल.”

“मंग पांढरेशुभ्र व्हतील?”

“जाहिरातीतल्यासारखे नाही. देवानं दिले होते तसे, थोडे पिवळसर. तुमचे तुम्हाला परत मिळतील.”

“तेवढं बास,” म्हणत कस्तुराबाईंनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मशीन किरकिरायला लागलं. पाण्याच्या फवाऱ्याबरोबर काळे कण सुटू लागले. डॉक्टरबाई हाताच्या जितक्या हलक्या, तितक्याच भोचक. कस्तुराबाई चूळ भरायला वाकल्या की त्यांच्या चौकशा सुरू.

“स्थळ कुठलं गं?”

“चऱ्होलीचं. आई कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करते ना, तिथूनच कळलं.”

“करतात काय?”

“क्रेन चालवतात.”

“घरात कोण कोण?”

“बाप-लेक, दोघंच.”

“म्हणजे सासूबिसू कुणी नाही? नशीब काढलं की!”

“काढायलाच हवं आता,” संस्कृती म्हणाली.

“कँटीनला तोंडाला मास्क असतो,” कस्तुराबाईंनी चूळ टाकून तोंड पुसलं. “तिथं झाकून जातं. घरी पाहुन्यांम्होरं कसं झाकायचं? हत्तीवानी दाखवायचे दात निराळे असते तर बरं झालं असतं.”

डॉक्टर खळखळून हसल्या. मग त्यांनाच भरून आलं. त्यांचीही लेक यंदा सासरी गेली होती. “घर मात्र खायला उठतं हो. तुम्ही दोघीच ना घरात?”

कस्तुराबाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. “त्यानंच तर मन घट्ट व्हईना, डॉक्टर. आजवर एका ताटात जेवलोय आमी.”

“सवय होते, आई. एकटं राहता येतं,” संस्कृती म्हणाली आणि भिंतीवरचं दातांचं चित्र बघत राहिली.

शनिवारी दुसऱ्या खेपेला पॉलिश झालं. डॉक्टरांनी आरसा हातात दिला. कस्तुराबाईंनी आधी दातांवरून जीभ फिरवली, मग भीत भीत आरशात पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

“लगीन व्हायच्या आधी असेच व्हते,” त्या म्हणाल्या. बोलता बोलता पदर पुन्हा तोंडाशी गेला.

“आता पदर कशाला?”

“सवं हाय.”

“एक सवय मोडा, दुसरी आपोआप मोडेल. परत मिश्री लावलीत तर परत काळे होतील.”

“डबी हिनं कवाच काढून घेतली. लवंगा भरल्यात तिच्यात.”

“शहाणी आहे लेक. जमलं की पेढे आणायचे बरं का!” डॉक्टर म्हणाल्या. आईच्या आधी संस्कृतीनेच मान डोलावली.

रविवारी तिने सकाळीच मोरपंखी साडीला इस्त्री केली, पोहे केले, वर खोबरं भुरभुरलं. पाहुणे वेळेवर आले. बबनराव आणि त्यांचा मुलगा ऋतिक. बबनराव पाणी पिऊन झाल्यावरही रिकामा पेला हातात धरून बसले होते. त्यामुळे बोलायचं ऋतिकवरच पडलं. त्याच्या नव्या शर्टाच्या घड्याही अजून मोडल्या नव्हत्या.

“नोकरी सोडायची काही गरज नाही,” तो म्हणाला. “आमची तशी काहीच अट नाही.”

“माझी एक आहे,” संस्कृती म्हणाली. “सणावाराला माहेरी पाठवायचं. न चुकता.”

“पाठवू की. मी स्वतः गाडीवर सोडायला येईन.”

संस्कृतीला बरं वाटलं. पोरगा सरळ होता. पण मागचेही पाहुणे सुरुवातीला असेच गोड बोलले होते. आता पोहे बाहेर आले की कळणार होतं. ती उठून आत गेली.

स्वयंपाकघराच्या दाराशी कस्तुराबाई उभ्या होत्या. अंगावर मोरपंखी साडी, एका हातात पोह्यांचा ट्रे, दुसऱ्या हातानं पदर तोंडाशी धरलेला. संस्कृतीने तो पदर हळूच खाली केला.

“झाकू नकोस आई,” ती म्हणाली. “बबनकाका तुलाच बघायला आलेत. हस.”