परकी बाई

"त्या बाईला आधी बाहेर काढ," नाना श्रुतिकाला म्हणाले.

श्रुतिका गोंधळली. नानांचं बोट संघमित्रा मॅडमकडे होतं. मुलुंडच्या त्या नर्सिंग कॉलेजात मॅडम स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा शिकवायच्या. सरावाच्या पुतळ्याला अंघोळ घालणं सोपं, पुतळा घाबरत नाही, असं त्या नेहमी म्हणायच्या. म्हणून आज त्यांनी वर्गात खरा रुग्ण आणून बसवला होता. कोण, कुठला, काही सांगितलं नव्हतं. यांना नाना म्हणा, एवढंच.

"घाबरू नका नाना. त्या आमच्या मॅडम आहेत," श्रुतिका म्हणाली. "खूप चांगल्या आहेत."

नानांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तुला काय माहीत? रोज घरात शिरते ती. माझे कपडे काढते. अंगावर पाणी ओतते. परक्या बाईने असा हात लावायचा? लाज वाटते गं पोरी मला."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

"मॅडम, तुम्ही यांच्या घरी पण जाता?" प्रीतमने विचारलं.

"वडील आहेत ते माझे."

मॅडमचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"श्रुतिका, तुझं काय चुकलं?"

"मी त्यांना खोटं पाडलं, मॅडम. त्यांना खरंच भीती वाटतेय."

"मग आता काय करशील?"

श्रुतिकाने आधी दाराकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडमनी मान खाली घातली, पण जागेवरून हलल्या नाहीत. शेवटी श्रुतिकानेच पुढे होऊन त्यांचा दंड धरला.

"चला बाई, बाहेर चला," नानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली.

मॅडम मुकाट्याने चालू लागल्या. दाराबाहेर गेल्यावर म्हणाल्या, "बरोबर केलंस. जा आता, त्यांच्याजवळ बस." आणि तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

श्रुतिका परत आली. दार लावायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. नानांची पकड सैल झाली होती. त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"गुणाची आहेस. आता एवढं एक काम कर. माझ्या मुलीला फोन लाव. संघमित्रा नाव तिचं. तिला म्हणावं, लवकर ये, नाना इथे एकटे आहेत."