म्हातारीच्या वाट्याची दोन वाक्यं

"सहा कामं! निस्ती सहा कामं करून हा बाबा संघाचा प्रमुख!" अपेक्षा मोबाइलकडे पाहत स्वतःशीच कुरकुरली.

शेजारी बसलेल्या तानाबाईंच्या हातातला सोऱ्या थांबला नाही. गच्चीवर अंथरलेल्या जुन्या साडीवर कुरडईचे वेढे पडत राहिले.

"कोनाचा प्रमुख व?"

"गेममधला, मावशी."

वरवट बकाल गावातल्या त्या गच्चीवर बचत गटाच्या सात बायका सकाळपासून कुरडया घालत होत्या. अपेक्षाचं गेमचं बोलणं ऐकून घेणारी त्यांच्यात एकट्या तानाबाई. अपेक्षा शेजारच्या जयमालाची मुलगी. कॉम्प्युटरचं शिकलेली, घरूनच काम करणारी. एका गेमच्या तीन भागांतल्या संघांची तुलना करून ती व्हिडिओ टाकणार होती, आणि तिसऱ्या भागानं तिचं डोकं फिरवलं होतं.

"पाहा न मावशी. पहिल्या भागात जादूगारांच्या संघात शिरलं की आधी स्वयंपाकघरातले उंदीर मारा. रानातून मुळ्या आणा. एकेक विद्या शिका. नाही आली तर पुढची पायरी नाही, मंग तुमी कितीही मोठे तलवारवाले असा. दुसऱ्या भागात सात गावं फिरा, सातही मुख्यांची शिफारस आणा, तवा कुठं मोठं दार उघडते. आन तिसऱ्यात? दारात एक मंत्र पुटपुटला की आत! एक गुहा, दोन राक्षस, झाला प्रमुख. हातात कुऱ्हाड, जादू येत नाही काडीची!"

"मंग काऊन केलं त्याले?"

"नायक हाये न तो. सारा खेळ त्याच्यासाठीच मांडला."

"आन त्या संघात आधीपासून कोनीच नव्हतं?"

"होती न! एक म्हातारी. चाळीस वर्षांपासून तिथलं ग्रंथालय सांभाळते. सारे तिच्याच हाताखाली शिकले. पण तिच्या तोंडी दोनच वाक्यं देल्ली. 'तुमचं स्वागत असो' आन 'आजपासून तुम्हीच आमचे प्रमुख.' दहा वेळा तिच्याजवळ जा, तेच बोलते. वरून टाळ्या वाजवते!" अपेक्षाचा आवाज चढला. "तिले राग येत नसन काय, मावशी?"

चीक ढवळणाऱ्या राखीनं उगाच पातेल्यात डोकावून पाहिलं. जयमालानं नीट असलेला पदर पुन्हा नीट केला.

"आपल्याले काय मालूम," तानाबाई म्हणाल्या. "कोनी तिले इचारलंच नसन."

बायकांनी नजर चुकवली त्याला कारण होतं. गटाची जुनी अध्यक्ष लेकाकडे पुण्याला कायमची गेली होती. नवी अध्यक्ष दुपारी तीन वाजता ठरायची होती. म्हणजे ठरलीच होती. गटाचे सल्लागार महादेवराव, निवृत्त गुरुजी, यांनी चार दिवसांपूर्वीच घरोघरी फिरून ठरवलं होतं. (बायकांच्या गटाला पुरुष सल्लागार कशाला, हेही कोणी कधी विचारलं नव्हतं.) अपेक्षाला इंग्रजी येतं, अपेक्षा फॉर्म भरते, अपेक्षा साहेबांशी बोलते. शिवाय निवड बिनविरोध. दुसरं नाव निघालं की गटाची शोभा होते, असं गुरुजी म्हणत. अपेक्षाला विचारलं तेव्हा ती गेममध्ये एका गुहेत होती. मान वर न करता ती "बरं" म्हणाली होती.

एकोणीस वर्षांपूर्वी हा गट तानाबाईंच्या अंगणात दोन पातेल्यांवर सुरू झाला. गहू तीन दिवस कसे भिजवायचे, पाणी कधी बदलायचं, चीक शिजला की नाही हे ओल्या बोटानं कसं ओळखायचं, सगळ्या बायका त्यांच्याकडूनच शिकल्या. अपेक्षानं अजून सोऱ्या हातात धरला नव्हता. चार दिवस गट तानाबाईंशी उन्हावर बोलला, जावयांवर बोलला, कोणाच्या तरी म्हशीवर बोलला. अध्यक्षपदाचं नाव कोणी काढलं नाही.

तीन वाजता गटाच्या शेडमध्ये सतरंजी पडली. टेबलावर एक हार. टेबलामागं दोन खुर्च्या: एकीवर महादेवराव, एकीवर अपेक्षा. बायका खाली. अपेक्षा मांडीवरच्या मोबाइलमध्ये व्हिडिओचं शेवटचं वाक्य लिहीत होती.

"सूचकाचा मान आपल्या तानाबाईंचा," महादेवराव म्हणाले. "सगळ्यांत जुन्या त्याच." त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली.

तानाबाई उठल्या. चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली. गुरुजींचं गोल गोल अक्षर. 'अध्यक्षपदासाठी मी कुमारी अपेक्षा हिचे नाव सुचवते. आपण सर्व जणी टाळ्यांच्या गजरात तिचे स्वागत करू.'

त्यांनी ते मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. बोटांच्या पेरांवर सकाळचा चीक वाळून पांढरा झाला होता.

"वाचा न तानाबाई," महादेवराव हसून म्हणाले. "दोनच वाक्यं तर हायेत."

अपेक्षाचा अंगठा मोबाइलवर थांबला. तिनं मान वर केली. आधी टेबलावरच्या हाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या खुर्चीकडे, मग चिठ्ठी धरलेल्या त्या हाताकडे. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती उठायला गेली, पण तोवर राखीनं सवयीनं पहिली टाळी वाजवली होती आणि तिच्यामागून आणखी दोघीतिघींनी.

तानाबाईंनी चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि कमरेला खोचली.

"टाळ्या थांबवा व," त्या म्हणाल्या. "अध्यक्ष मले व्हायचं हाये."