मुद्दाम

आजीबाईंनी पाण्याचा पेला मुद्दाम कलंडवला. हात थरथरला नाही, कुणाचा धक्का लागला नाही. पेला उचलला, मांडीवर आडवा केला आणि मग ओरडल्या, "अगंबाई, सांडलं!"

समोर बसलेल्या मॅडमनी ते नीट पाहिलं. नजर तयार होती त्यांची. दुसऱ्यांच्या नव्या धंद्यात पैसे घालणं हाच मॅडमचा धंदा. तेही कुठल्या धंद्यात? चारचौघांत ज्याचं नाव काढता येत नाही अशा. मूळव्याध, तोंडाचा वास, बायकांचं टक्कल. बाकीचे पैसेवाले नाक मुरडून उठायचे, तिथं मॅडम खुर्ची ओढून बसायच्या. लोक त्यांना 'उकिरडेवाली' म्हणत आणि मॅडमना त्याचं कौतुकच होतं. "बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो," त्या म्हणायच्या, "मी आधीपासून जाऊन बसते, एवढंच." गिऱ्हाईक जिथं खोटं बोलतं तिथं पैसा असतो, हा त्यांचा आडाखा. तो अजून चुकला नव्हता.

आज एका नर्सबाईंचा धंदा बघायचा होता. हॉस्पिटलातली चांगली नोकरी सोडून त्यांनी बायकांसाठी जाड अस्तराच्या चड्ड्या शिवायला घेतल्या होत्या. हसलं, खोकलं, शिंकलं की ज्यांना लघवी सुटते, त्या बायकांसाठी. मॅडमच्या भागीदारांनी "शी! असलं काही असतं का?" म्हणून विषयच मिटवला. मग काय, मॅडम स्वतःच निघाल्या, नर्सबाईंबरोबर एका गिऱ्हाइकाच्या घरी.

निघताना भावाचा फोन आला होता. "ताई, आईला एकदा फोन कर गं. किती ताणायचं?"

"भांडण तिनं काढलं. फोनही तिनंच करावा," असं म्हणून मॅडमनी फोन ठेवला होता. खरं तर त्यांच्या मनाला ते रोज लागायचं. त्यांची लेक आता शाळेत जायला लागली. आईनं नातीला पाळण्यात पाहिलं तेच शेवटचं. त्यानंतर आई काही केल्या त्यांच्या घराची पायरी चढली नव्हती.

आजीबाई आधी कबूलच होईनात. "माझं काही नाही हो. शेजारणीसाठी विचारत होते. माप दिलं तेही तिचंच." मॅडमना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या म्हणाल्या, "मग शेजारणीचं माप बरं तुम्हाला ठाऊक!" आजीबाई खो-खो हसल्या. आणि हसता हसता एकदम गप्प झाल्या. मग तो पेला.

नर्सबाई लगबगीनं उठल्या. "असू दे हो, परवा माझ्याही हातून सांडलं. तुम्ही आत जाऊन कपडे बदला." खुर्चीवरची गादी त्यांनीच उचलून मोरीत नेली.

जिना उतरताना मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, त्यांनी मुद्दाम सांडलं. मी पाहिलं."

"मुद्दामच हो," नर्सबाई म्हणाल्या. "बसल्या जागी ओलं होतं. मग उठणार कसं? हाताशी असेल ते वर ओतायचं. पाणी, चहा, काहीही. लोक फार तर वेंधळी म्हणतात."

मॅडम पायरीवरच थांबल्या.

नव्या घरातली ती संध्याकाळ. पहिल्या मोठ्या कमाईतून घेतलेला पांढरा सोफा. घर पाहुण्यांनी भरलेलं. भावानं कुणाची तरी नक्कल केली आणि आई पोट धरधरून हसली. आणि मग तिच्या हातातलं लालभडक सरबत सोफ्यावर. नजर तेव्हाही तयारच होती. सगळ्यांसमोर मॅडम कडाडल्या होत्या, "मुद्दाम सांडलंस तू! मी पाहिलं. माझं चांगलं झालेलं बघवत नाही ना तुला?"

आई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली होती. "हो," ती म्हणाली, "मुद्दाम सांडलं." आणि शाल कमरेभोवती गुंडाळून निघून गेली. तिचं ते 'हो' मॅडमनी आजवर मनात धरून ठेवलं होतं. डोळ्यांना सगळं दिसलं होतं आणि कळलं मात्र काडीचंही नव्हतं.

"पैसे देते, सिस्टर. तुम्ही पुढं व्हा." एवढं बोलून त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि त्यांनी फोन लावला.

"आई, मी बोलतेय."

"अगं बाई! बरी आहेस ना? पोरगी बरी आहे ना?" आईचा आवाज हरखला होता.

"आई, घरी ये. त्या दिवशीचं कळलं गं मला. चुकलं माझं, फार चुकलं. त्यात लाजायचं काही नसतं, आई. कितीतरी जणींना होतं. त्याच्यावर उपाय आहे, मी स्वतः..." असल्या विषयांवर व्यासपीठावरून बेधडक बोलणाऱ्या बाई, पण आता त्यांना रडू आवरेना.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"कुणाला सांगितलंस?" आईनं दबक्या आवाजात विचारलं.

"कुणालाच नाही."

"तुझ्या भावाला?"

"नाही गं. शप्पथ. येशील ना आई?"

आईनं उसासा टाकला. मग लहानपणी समजूत घालायची तशा मऊ आवाजात म्हणाली, "आपलं भांडणच राहू दे, बाळा. लोकांना सांगायला ते बरं दिसतं."