आज ढ कोण

संध्याकाळी मुलं आली, जिन्यात चपला काढल्या आणि रेणूला काही न विचारता हॉलमधल्या चटईवर गोल करून बसली. आईचा शिकवणीचा वर्ग बंद झाल्याचं तिने पालकांना कळवलं होतं. आई गेली होती. चिक्कडपल्लीतलं हे घर आवरून तिला पुण्याला परतायचं होतं.

"सोमवारी सायन्सचा पेपर आहे, अक्का," आठवीतली तेजश्री म्हणाली. "घरी एकट्याने होत नाही. आम्ही आमचं करतो, तुम्ही तुमचं आवरा."

रेणू कपाटाकडे वळली. मागे पचनसंस्थेचा धडा सुरू झाला. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पुस्तक मिटून चित्र काढायचं, तिसऱ्याने ते आपल्या शब्दांत सांगायचं. अडलं तर तेलुगु चालायचं, हिंदीही चालायची. पुस्तकातलं वाक्य तेवढं चालायचं नाही. आईने बसवलेली ही रीत. पण मुलं मध्येच थांबली. ढ कोण होणार यावरून वाद लागला होता.

बबलूने रेणूला समजावलं. ढ म्हणजे ज्याला काहीच माहीत नाही असा. त्याने विचारत राहायचं, सगळ्यांनी मिळून त्याला सांगायचं आणि शेवटी त्याने ते स्वतः सांगून दाखवायचं. तोवर कुणी उठायचं नाही. ढ नेहमी टीचरच व्हायच्या. रितेशला बसवलं तर त्याला हसू फुटतं, सगळा खेळ खराब.

"शेवटी शेवटी तर टीचर एकदम जबरदस्त करायच्या," बबलू म्हणाला. "काल सांगितलेलं आज परत विचारायच्या. आणि चेहरा असा, की खरंच माहीत नाही."

रेणूच्या हातातली साडी तशीच राहिली. आईची स्मृती जात चालली होती, हे तिला दवाखान्यात डॉक्टरांकडून कळलं. तिथे आईने तिला ओळखलं नाही. त्याआधीचे महिने आईने या घरात एकटीने कसे काढले, कुणाला काय विचारलं, आपण तिला आठवत तरी होतो का, हेच घेऊन ती खोल्यांमधून फिरत होती.

"मग तुम्ही काय करायचात?"

परत सांगायचो, तेजश्री म्हणाली. ढला हसायचं नाही, ढवर चिडायचं नाही, हा टीचरचाच नियम. चिडलो तर आपल्यालाच नीट येत नसतं. एकदा त्यांनी चहा कसा करतात ते विचारलं, तर रितेशने ओट्याशी उभं राहून पहिल्यापासून सांगितलं. मग त्या वार विचारू लागल्या, मुलांची नावं विचारू लागल्या. मुलांनी नाव, इयत्ता, गल्ली, सगळं सांगितलं, आणि टीचरनी परत सांगेपर्यंत वाट पाहिली.

रेणूला मुलांपुढे हात जोडावेसे वाटले. मुलं हसली असती. तिने आत जाऊन सगळ्यांसाठी पाणी आणलं, प्रत्येकाच्या हातात पेला दिला आणि चटईच्या कडेला बसली.

"एकदा तर भिंतीवरचा तुमचा फोटो दाखवून विचारलं, ही कोण," रितेश म्हणाला. "मला इतकं हसू येत होतं. पण दाबलं."

"काय सांगितलंत?"

"जेवढं माहीत होतं तेवढं," तेजश्री म्हणाली. "टीचरनीच आधी कधी कधी सांगितलेलं. ही रेणू. पुण्यात असते. जेवणं झाली की फोन करते. तारनाक्याला सायकल शिकताना पडली होती. एकेकाने एकेक."

"मग आईने सांगून दाखवलं?"

"त्या दिवशी नक्को म्हणाल्या, डोकं दुखतंय. आम्ही दुसऱ्या दिवशी परत घेतलं."

"आणि?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. तेजश्री आठवून, शब्द न बदलता सांगू लागली.

"म्हणाल्या, ही माझी रेणू. हिला न्हाऊ घालताना डोळ्यांवर हात धरावा लागतो, नाहीतर फार रडते."

"ते आम्ही नव्हतं सांगितलं, अक्का," बबलू म्हणाला. "ते टीचरना स्वतःलाच येत होतं."