नाकाचा कौल

वाइनच्या दोन्ही बाटल्यांना जुना पेपर गुंडाळून वर दोरा बांधला होता. एक नाशिककडची, एक सांगलीकडची. कुठली कोणती, ते फक्त हौशीरामच्या मेव्हण्याला ठाऊक, आणि मेव्हणा होता नारायणगावात. यंदाची सहल द्राक्षांच्या कुठल्या मुलखात न्यायची, त्याचा कौल आज नाकानं द्यायचा होता. जिचा वास सरस, तिच्या गावाला गाडी.

पाचही जण कुरकुंभच्या एकाच केमिकल प्लांटातले, एकाच शिफ्टचे. रविवारी सकाळी दौंडात नवनाथच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून बसले होते. या माणसांना वाइनचा नाद लागावा, याची गल्लीत पुष्कळ टिंगल व्हायची. पण नाद तो नाद. त्यांच्यातले थोरले सोपानराव तर ग्लास दांडीला धरून असा फिरवायचे, की त्यांच्या नावावर द्राक्षबागेचा सातबाराच असावा, असं बघणाऱ्याला वाटावं.

"रातपाळी हाय. घोटाच्या वर कुणी जायचं न्हाई," त्यांनी बजावलं.

आतल्या खोलीत नवनाथची बायको प्राची शेंगदाणे भाजत होती. कान मात्र बाहेर होते. गेल्या महिन्यात याच शेगडीवर दूध करपलं होतं. शेजारीण नाकाला पदर लावून धावत आली, आणि नवनाथ तिथंच भिंतीला टेकून निवांत पेपर वाचत बसलेला. सर्दी झालीय म्हणाला. सर्दी गेली, नाक काही परत आलं नाही. नवनाथची ड्यूटी ठिणगीनं पेटणाऱ्या सॉल्व्हंटच्या टाक्यांवर होती. कुठं गळती झाली तर गॅसचा मीटर बोंबलायच्या आधी माणसाच्या नाकाला कळतं, हे त्यानंच तिला कधीकाळी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"अगं, मी एकटा थोडाच आसतो तिथं?" तो परवाच म्हणाला होता. "संगं चौघं हायेत. माझं नाक बंद आसंल, त्यांची तर उघडी हायेत."

त्या चार नाकांच्या भरवशावर ती रात्री डोळा मिटत होती.

शेंगदाण्यांची ताटली भरून ती उठली, तर कोपऱ्यातली लोखंडी ट्रंक उघडी दिसली. लग्नातल्या आहेराचे दांडीचे ग्लास तिनं स्वेटरांच्या घड्यांत, डांबरगोळ्यांमध्ये ठेवले होते. आज ते चांगले घासून द्यायचे, असं ठरवलं होतं. नवनाथनं घाईघाईत काढून नुसते पंच्यानं पुसून नेले होते. पाहुण्यांपुढं अब्रूच गेली म्हणत ती लगबगीनं बाहेर आली.

उंबऱ्यातच डांबरगोळ्यांचा वास तिच्या नाकात शिरला. ताटली ठेवायला वाकली, तर डोकंच उठलं.

"अहो, ते ग्लास..." ती म्हणणार, तोच सोपानराव दुसऱ्या बाटलीच्या ग्लासात नाक खुपसून म्हणाले, "जांभूळ."

"व्हय, जांभूळच," बिरदेव म्हणाला.

चांगदेवनं डोळे मिटून लांब श्वास ओढला. "आन् मागनं जरासा पेरू."

"पेरू तर हायेच की," हौशीराम म्हणाला. नवनाथनं मान डोलावली.

प्राची ताटली हातात धरून तशीच वाकून राहिली. प्रत्येक जण ग्लास नाकाला लावायचा आणि कडेनं शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा. शेजारी बोलला की मग हा बोलायचा. ही नजर तिच्या ओळखीची होती. आमटीला वास छान सुटलाय, असं पोरगी म्हणाली की मग नवनाथ म्हणायचा, त्याआधी नाही. घरात एकाच तोंडावर बघितलेली ती नजर आता पाच तोंडांवर होती.

"बोला मग, ही बाटली का पहिली?" सोपानरावांनी विचारलं. "हात वर करा."

हात अर्धेच वर आले आणि एकमेकांची वाट बघत थांबले.

"ग्लासांना डांबरगोळ्यांचा वास येतोय," प्राची म्हणाली. "मला हितं उभं ऱ्हावंना."

हौशीराम हसला. "वहिनी, तुमचं बी काय..." म्हणत त्यानं ग्लास पुन्हा नाकाशी नेला. पुन्हा हुंगला. मग तो हसला नाही.

पाची जण आपापल्या ग्लासात बघत बसले. स्टेशनाकडून मालगाडीची शिट्टी आली आणि गेली.

"सोपानराव, म्हंजी तुमचंबी?" नवनाथनं हळूच विचारलं.

सोपानरावांनी ग्लास खाली ठेवला. "दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही पोरं हाय की संगं."

बिरदेवनं मान खाली घातली. चांगदेव ग्लासाची दांडी नुसती चोळत राहिला.

"वहिनी, कंपनीत ह्ये कळता कामा न्हाई," सोपानराव म्हणाले. "नाकामागं नोकरीबी जायची."

"मग सहल कुठं न्यायची?" हौशीरामनं विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं असावं.

"कुठंबी न्या आता."

प्राचीनं ताटली सतरंजीवर ठेवली. सगळे ग्लास आत न्यायचे होते, ते तिनं तसेच राहू दिले. ती नवनाथकडं वळली.

"आज राती टाक्यांवर तुमच्यासंगं कोण कोण हाय?"

नवनाथनं सतरंजीवर बसलेल्यांकडं एकवार बघितलं.

"हेच की," तो म्हणाला.