उजवा पाय

पुढच्या वळणावर नदीचं पाणी फेसाळून पांढरं झालेलं दिसलं आणि ब्रेकमावशीने उजवा पाय गच्च दाबला. पायाखाली रबरी होडीचा फुगवलेला तळ होता. तो जरासा दबला आणि होडी होती त्याच वेगाने पुढे निघाली. पाय तळाच्या पट्ट्यात अडकवून बसा, असं तीन दिवस सांगूनही तिचा उजवा पाय पट्ट्यातून सुटायचाच.

ब्रेकमावशी हे नाव शाळेच्या बसमधल्या पोरांनी ठेवलेलं. बावीस वर्षं ती बस चालवत होती आणि रस्त्यावर पान उडालं तरी तिचा पाय ब्रेकवर जायचा. पोरं हसायची, पण एकालाही कधी खरचटलं नव्हतं, आणि हे ती भेटेल त्याला ऐकवायची. होडीतल्या सगळ्यांना ते पाठ झालं होतं. सगळे म्हणजे तिची लेक, एक निवृत्त पोस्टमास्तर, त्यांची बायको आणि मागे बसून होडी वळवणारी वाटाडी.

दोन्ही काठांना जंगल, वीज नाही, फोनला रेंज नाही. लेकीने मुद्दाम अशीच सहल निवडली होती. मालवाहू जहाजावर तिला इंजिनिअरची नोकरी मिळाली होती, दोन वर्षांची, आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. महिनाभर आईचं उत्तर एकच होतं, "बघू." निदान इथे तरी आई फोनचं निमित्त करून उठून जाणार नाही, असं लेकीला वाटलं होतं. पण विषय निघाला की आई भांडी घेऊन पाण्याकडे चालू लागायची.

"जोरात, पुढे!" वाटाडी ओरडली.

नियम साधा होता. पुढच्याकडे बघून मागच्याने वल्हं मारायचं. डावीकडे पोस्टमास्तर आणि त्यांच्या बायकोने जीव खाऊन वल्ही मारली. उजवीकडे पुढे आई होती, तिच्या मागे लेक. आईचं वल्हं हवेतच थांबलं, कारण धोका दिसला की वेग कमी करायचा, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं. तिचं थांबलं म्हणून लेकीचंही थांबलं. होडी गर्रकन आडवी झाली, खडकावर आपटली आणि आई वळून बघते तो मागची जागा रिकामी.

लेक पाण्यात होती. अंगात तरंगतं ठेवणारं जाकीट होतं, आणि शिकवलं होतं तशी ती पाठीवर, पाय पुढे करून वाहत होती. खालच्या संथ पाण्यात होडी तिच्याजवळ आली तेव्हा तिने कडेचा दोर पकडला. आईने तिचा हात धरून ओढला. ओला हात सटकला. पुन्हा धरला, पुन्हा सटकला.

"हात सोडा, मावशी," वाटाडी मागून म्हणाली. "जाकिटाचे खांदे धरा. आधी खाली दाबा, मग ओढा."

हे पहिल्या दिवशीच सांगून झालं होतं. बुडणाऱ्याला आणखी दाबायचं हे कुठलं शास्त्र, असं म्हणून आई तेव्हा हसली होती. आता तिने खांदे धरले, पण तिच्याने दाबवेना. लहानपणी हिला न्हाऊ घालताना डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून ती कपाळावर हात आडवा धरायची.

"आई, दाब," लेक म्हणाली.

आईने दाबलं. लेकीचं डोकं पाण्याखाली गेलं. दुसऱ्याच क्षणी जाकीट आपणहून उसळलं आणि पोर चिंब होऊन तिच्या मांडीवर येऊन पडली. ओढायला फारसं काही लागलंच नाही.

वाळूवर उतरल्यावर वाटाडीने विचारलं, थांबलात कशाला? आईने नेहमीचं सुरू केलं, बावीस वर्षं, एकालाही कधी. पण लेकीचं कोपर चांगलं चार बोटं खरचटलेलं दिसत होतं, तेव्हा ते वाक्य तिला पुरं करता आलं नाही.

"रस्त्यावर तुमचं बरोबरच आहे," वाटाडी म्हणाली. "रस्ता जागचा हलत नाही. इथे रस्ताच पळतो. पाण्यापेक्षा जोरात गेलात तर होडी तुमची, नाहीतर पाण्याची."

पोस्टमास्तरांनी हे वहीत लिहून घेतलं. ते रोज काही ना काही लिहून घ्यायचे आणि त्यातलं निम्मं रोज भिजून पुसलं जायचं.

आई लेकीजवळ जाऊन बसली. लेक सदऱ्याच्या बाह्या पिळत होती.

"तू का थांबलीस गं? तुला तर नीट येतं."

"मी तुझ्याकडे बघत होते."

लेक हे रागाने म्हणाली असती तर आईला बरं वाटलं असतं. ती सहज म्हणाली, आणि दुसरी बाही पिळू लागली. आई बराच वेळ त्या कोपराकडे बघत राहिली.

निघताना पोस्टमास्तरांनी मोठ्या शौर्याचा आव आणून विचारलं, जागा बदलायची का? आईने त्यांना नको म्हटलं आणि लेकीला पुढे बसायला सांगितलं. स्वतः तिच्या मागे बसली.

तासाभराने पाणी पुन्हा पांढरं दिसू लागलं. लेकीने एकदा मागे वळून पाहिलं.

"मागे काय बघतेस?" आई म्हणाली. "मी मारते तुझ्याकडे बघून. आणि सोमवारी कळवून टाक त्यांना, येते म्हणून."

लेक काही बोलायच्या आत वाटाडीची हाक आली. लेकीचं वल्हं पाण्यात गेलं. आईचा उजवा पाय सवयीने दाबायला निघाला होता. तिने तो उचलला, तळाच्या पट्ट्यात अडकवला आणि वल्हं मारलं.